वाचकांचे प्रश्न : प्राध्यापकांच्या तासाला कोणी आणि कशासाठी बसावे?

प्रश्न : आमच्या विद्यापीठात अध्यापन सुधारण्यासाठी दर सत्राच्या आरंभी दोन दिवसांची कार्यशाळा होते. उपस्थिती चांगली असते आणि अभिप्रायही उत्तम येतात. वर्गातली पद्धत मात्र जैसे थे राहते. या कामाची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली आहे. कार्यशाळा बंद कराव्यात का?
— एक समन्वयक

उत्तर : बंद करण्याची गरज नाही, पण त्यांच्यावर टाकलेला भार कमी करावा. कार्यशाळेत प्राध्यापकांना एखादी पद्धत समजते. ती आपल्या विषयातल्या अवघड प्रकरणासाठी, दीडशे विद्यार्थ्यांसमोर, अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईत कशी वापरायची, हे तिथे समजत नाही, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

विद्यार्थ्यांना वर्गातच विचार आणि चर्चा करायला लावणाऱ्या पद्धती उपयुक्त आहेत की नाहीत, हा वाद निदान विज्ञानशाखांपुरता तरी फारसा उरलेला नाही. स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात पारंपरिक व्याख्यानाच्या वर्गांत नापास होणाऱ्यांचे सरासरी प्रमाण सुमारे ३४ टक्के, तर सहभागावर आधारित वर्गांत सुमारे २२ टक्के आढळले. मग हे ठाऊक असूनही प्राध्यापक पुन्हा व्याख्यानाकडे का वळतात? याचे एक कारण हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सापडते. चर्चेच्या वर्गात बसलेले विद्यार्थी चाचणीत अधिक चांगले ठरले, परंतु आपण कमी शिकलो असे त्यांना स्वतःला वाटत होते. डोक्याला ताण पडला की शिकणे अडखळते आहे असे वाटते आणि सफाईदार व्याख्यान ऐकले की सगळे समजले असे वाटते. त्यामुळे नवे काही करून पाहणाऱ्या प्राध्यापकांच्या वाट्याला पहिल्या काही आठवड्यांत कुरकुर येते, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्या पाठीशी कोणी नसते. कार्यशाळा तर केव्हाच आटोपलेली असते.

म्हणून मदतीची वेळ आणि जागा दोन्ही बदलावीत, असे मला वाटते. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांच्या पुढाकाराने कोलोरॅडो आणि ब्रिटिश कोलंबिया या विद्यापीठांत जे उपक्रम झाले, त्यांत पैसा सुट्या प्राध्यापकांना न देता संपूर्ण विभागांना देण्यात आला. विभागात त्याच विषयात पारंगत असलेले आणि शिकण्याविषयीच्या संशोधनाचेही प्रशिक्षण मिळालेले तज्ज्ञ नेमले गेले, आणि त्यांनी प्राध्यापकांच्या सोबतीने एकेक अभ्यासक्रम नव्याने उभा केला. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना रसायनशास्त्र जाणणाऱ्या माणसाचा सल्ला जितका पटतो, तितका सर्वसामान्य उपदेश पटत नाही, हे त्यामागचे साधे व्यवहारज्ञान होय. अशी पदे निर्माण करणे परवडत नसेल, तर एकच विषय शिकवणाऱ्या दोघा-तिघांना एकत्र आणून, दर वर्षी विद्यार्थी अडतात असे एकच प्रकरण निवडून ते बदलायला सांगावे आणि सत्रभर दर पंधरवड्याला त्यांच्याशी तासभर बोलावे. कार्यशाळेतले शंभर श्रोते आणि हे तिघे यांत निवड करायची वेळ आली, तर मी तिघांना निवडीन.

प्रश्न : आमच्या विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा व्यासंग मोठा आहे, परंतु सलग दोन वर्षे विद्यार्थी त्यांना कमी गुण देत आहेत. मी त्यांच्या तासाला बसून अहवाल द्यावा आणि त्यांना सुधारण्यास मदतही करावी, असे प्रशासनाने सुचवले आहे. हे कसे साधावे?
— एक विभागप्रमुख

उत्तर : दोन्ही कामे तुम्ही एकट्याने करू नयेत. ज्यांच्या अहवालावर आपली पदोन्नती ठरणार आहे, त्यांच्यापुढे कोणीही आपली अडचण मोकळेपणाने मांडणार नाही. त्या दिवशी ते ठेवणीतला तास घेतील. अहवाल द्यावाच लागणार असेल तर तो तुम्ही द्या, आणि मदतीसाठी दुसऱ्या सहकाऱ्यांना विनंती करा. त्यांची टिपणे फक्त त्या प्राध्यापकांच्याच हाती राहतील, हे प्रशासनाकडून आधी लेखी घ्या.

विद्यार्थ्यांनी दिलेल्या गुणांचाही फार बाऊ करू नये. बॉब अटल आणि सहकाऱ्यांच्या २०१७ मधील विश्लेषणात असे गुण आणि विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष शिकणे यांचा जवळजवळ काहीच संबंध आढळला नाही. मात्र आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचतो का, उत्तरपत्रिका वेळेवर परत मिळतात का, हे विद्यार्थ्यांइतके अचूक कोण सांगणार? ते सत्र संपल्यावर न विचारता मध्यावर विचारावे. प्राध्यापकांनी वीसेक मिनिटे वर्गाबाहेर जावे. मदत करणाऱ्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांचे चार-पाच जणांचे गट करून तीन गोष्टी विचाराव्यात : शिकायला कशाने मदत होते, कशाने अडथळा येतो आणि नेमके काय बदलावे. ज्यावर बहुतेकांचे एकमत होईल तेवढेच प्राध्यापकांपर्यंत न्यावे, म्हणजे एखाद्याचा राग किंवा खोचक शेरा आपोआप गळून पडतो. पुढच्या तासाला प्राध्यापकांनी आपण काय बदलणार आणि काय बदलणार नाही, हे कारणांसह सांगावे. ही शेवटची पायरी गाळली, तर विचारण्याचा सोपस्कारच उरतो.

तासाला बसणाऱ्यांनी काय लिहावे, याकडेही लक्ष द्या. ‘तास कंटाळवाणा झाला’ या शेऱ्याने माणूस दुखावतो आणि हाती काही लागत नाही. त्याऐवजी ‘दहा वाजून बारा मिनिटे : समीकरणातील दुसऱ्या पदाविषयी प्रश्न विचारला, लगेच उत्तर स्वतःच दिले; दहा वाजून वीस मिनिटे : शंका आहेत का असे विचारले, उत्तराची वाट न पाहता फळा पुसला’ अशी नोंद असली, की त्यावर बोलता येते. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात आणि तो अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला की उत्तरे अधिक लांब आणि विचारपूर्वक येतात, हे मेरी बड रो यांनी शालेय वर्गांचा अभ्यास करून दाखवले होते. विद्यापीठातल्या कित्येक तासांनाही हे लागू पडते. टिपणाच्या आधी एक भेट अवश्य व्हावी आणि कशावर नजर ठेवायची, हे त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी स्वतः ठरवावे. दोन वर्षे गुण घसरत असताना त्यांना स्वतःला काय खटकते, हे बहुधा अजून कोणी विचारलेलेच नसेल.

प्रश्न : मी नव्याने रुजू झालेली सहायक प्राध्यापक आहे. संशोधनाच्या दडपणामुळे अध्यापनासाठी वेगळा वेळ काढणे अशक्य होते. कमीत कमी वेळात काय करता येईल?

उत्तर : तास संपण्यापूर्वी दोन मिनिटे राखून ठेवा आणि आज सर्वांत कमी समजले ते काय, हे विद्यार्थ्यांकडून निनावी चिठ्ठीवर लिहून घ्या. सगळ्या चिठ्ठ्या वाचण्याची गरज नाही. वीस-पंचवीस चाळल्या तरी पुढच्या तासाची सुरुवात कुठून करावी ते कळते. दुसरे म्हणजे, एखाद्या सहकाऱ्यांच्या तासाला शिकण्यासाठी म्हणून जाऊन बसा. तुमचा तास पाहायला कोणाला बोलावण्यापेक्षा सुरुवातीला हे सोपे जाते. बाकी, पदोन्नतीच्या वेळी अध्यापनाला जर कवडीची किंमत नसेल, तर तुम्हाला वेळ मिळत नाही हा तुमचा दोष नाही, आणि हे तुमच्या विभागप्रमुखांच्या कानावर घालायला हरकत नाही.