गरोदरपणात फ्लूची लस: खान्देशातल्या वाचकांचे प्रश्न

सुनेला पाचवा महिना आहे. धनुर्वाताची दोन्ही इंजेक्शनं झाली. मग ही आणखी एक सुई कशाला? (सासूबाई, अमळनेर)

धनुर्वाताचं म्हणजे टीडीचं इंजेक्शन धनुर्वात आणि घटसर्पापासून वाचवतं, फ्लूपासून नाही. पोट वाढतं तसा श्वासपटल वर सरकतो, फुफ्फुसांना जागा कमी पडते आणि हृदयावरचं काम वाढतं. त्यामुळे इतरांना चार दिवसांत सोडणारा ताप गरोदर बाईला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो. 2009 च्या स्वाइन फ्लूच्या साथीत हे फार वाईट रीतीने दिसलं. शिवाय सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही. आईने घेतली तर तिची प्रतिपिंडं वारेतून बाळाला मिळतात. त्या वयात त्याला एवढाच आधार.

टीडी सगळ्या जणी बिनतक्रार घेतात, कारण नर्सताई स्वतः बोलावून देतात. फ्लूच्या लशीचं नाव बहुतेकींच्या कानावरच येत नाही. सासूबाई, सुनेच्या पुढच्या तपासणीला तुम्हीच विषय काढा.

पत्नीला आता मार्चमध्ये तिसरा महिना आहे. बाळंतपणाला ती माहेरी जाईल. लस कधी द्यावी? (रावेर)

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते कोणत्याही महिन्यात चालते. आपल्याकडचे बरेच डॉक्टर 26 आठवड्यांनंतर देतात. आपल्या भागात पावसाळ्यात फ्लू वाढतो आणि लशीचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून जूनच्या मध्यापर्यंत उरकावी, तीही माहेरी जायच्या आधी. गाव बदललं की हे हमखास राहून जातं. विषाणू बदलतो तशी लसही बदलते, त्यामुळे खोक्यावर चालू हंगाम आणि मुदत बघा. आधीच्या बाळंतपणात घेतलेली लस या वेळी उपयोगाची नाही.

जळगावच्या मेडिकलमधून लस घेऊन थर्मासमध्ये बर्फ घालून धडगावला नेली तर चालेल का?

नको. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच टिकते. मे महिन्यातलं जळगावचं ऊन तिला बिघडवतंच, पण बर्फाला चिकटून गोठली तरी ती वाया जाते. वितळल्यावर दिसायला पहिल्यासारखीच असल्याने हे कुणाच्या लक्षातही येत नाही. घरच्या फ्रिजच्या दारात किंवा बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवणंही तसंच. जिथे लस मिळते तिथेच टोचून घ्या. न्यावीच लागली तर आरोग्य केंद्राकडच्या लस-डब्यातून न्या. त्यातले आइसपॅक आधी बाहेर काढून ठेवायचे; हलवल्यावर आत पाणी डचमळलं की मगच डब्यात घालायचे.

मात्रा 0.5 मिली, दंडाच्या वरच्या स्नायूत. टीडी त्याच दिवशी दुसऱ्या दंडात देता येतं. नाकात फवारायची लस जिवंत विषाणूची असते, ती गरोदरपणात घेऊ नये.

लस घेतल्यावर ताप आला तर पोटातल्या बाळाला काही होईल का? (शिरपूर)

टोचायच्या लशीतला विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होत नाही. दंड दुखणं, अंग मोडून येणं, बारीक ताप एक-दोन दिवसांत जातो. त्यावर पॅरासिटामॉल घ्या, आयबुप्रोफेन नको. ताप त्याहून लांबला, धाप लागली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर लगेच दवाखाना गाठा. पूर्वी याच लशीने जोराची अ‍ॅलर्जी झाली असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा.

सरकारी दवाखान्यात मिळते का?

राज्यात गरोदर स्त्रियांना ती मोफत दिली गेली आहे, पण साठा सगळीकडे सारखा नसतो. आशाताईंना आधी विचारून ठेवा आणि महिन्याच्या 9 तारखेच्या तपासणीला जाताना कार्ड सोबत न्या. लस घेतली की तारीख त्यावर लिहून घ्या.