सांगलीत हळद पावडरचे युनिट टाकताना जागा आणि यंत्रांची मांडणी कशी ठरवावी?

आपला प्रश्न असा आहे : दिवसाला सुमारे पाच टन हळद दळून पॅक करायची आहे, त्यासाठी नदीकडची स्वस्त शेतजमीन घ्यावी की कुपवाड औद्योगिक वसाहतीतला महाग प्लॉट, आणि यंत्रे कोणत्या क्रमाने बसवावीत? मिरज-कुपवाड भागात मसाला आणि अन्नप्रक्रिया कारखान्यांच्या उभारणीचे काम मी बावीस वर्षे करत आलो आहे. माझ्या मते हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. सौदा करण्यापूर्वी माल ट्रकमधून उतरल्यापासून पुन्हा ट्रकमध्ये चढेपर्यंतचा त्याचा प्रवास कागदावर काढावा, आणि तो प्रवास ज्या जमिनीवर वळसे न घेता मावतो तीच जमीन घ्यावी.

कारखाना कच्च्या मालाजवळ असावा की बाजाराजवळ, याचा विचार आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने 1909 मध्ये मांडला आणि तो आपल्या जिल्ह्यात डोळ्यांनी दिसतो. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणून बेदाण्याची शेड तासगाव-कवठेमहांकाळच्या कोरड्या हवेत, बागेच्या शेजारीच उभी राहते. शंभर टन उसातून अकरा-बारा टन साखर निघते आणि तोडलेला ऊस पडून राहिला की त्याचा उतारा घटतो, म्हणून साखर कारखाना उसाच्या पट्ट्यातच लागतो. वाळलेल्या हळकुंडाचे तसे नाही. पॉलिश आणि दळणात थोडी घट येते, पण वजन जवळपास तेवढेच राहते. शिवाय सांगलीच्या पेठेत कर्नाटक, तेलंगण आणि मराठवाड्यातूनही हळद येते, त्यामुळे शेताजवळ जागा घेऊन आपला काहीच फायदा नाही. पेठ, पक्का रस्ता, भरवशाची वीज आणि रोज वेळेवर येऊ शकणारे कामगार यांचा मेळ जिथे बसतो ती जागा आपली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर कारखाना वसवला तेव्हा जमीन ओसाड होती, पण कुंडल रोडचे रेल्वे स्टेशन जवळ होते; ओसाड माळ सुधारता येतो, रेल्वेमार्ग मात्र आपल्या दारात आणता येत नाही, हे त्या निवडीतून घेण्यासारखे आहे.

नदीकडच्या जमिनीबद्दल मी स्पष्टच लिहितो : ती घेऊ नका. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट धरतात. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले, आणि 2005 व 2021 चे महापूरही आपल्या आठवणीत आहेत. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे उत्तम टिकत असे, त्यांतली पुष्कळ पेवे 2005 च्या पाण्याने निकामी केली. यंत्राची मोटर वाळवून पुन्हा गुंडाळता येते, पण भिजलेली हळद परत येत नाही. दुसरी कोणतीही जागा पाहायला जाल तेव्हा कागदपत्रांआधी शेजारच्या जुन्या घराची भिंत आणि विजेचा खांब पाहा, पाणी कुठवर चढले होते ते तिथल्या वयस्कर माणसांना विचारा, आणि रस्ता बुडतो का हेही विचारून घ्या, कारण प्लॉट कोरडा राहून ट्रक आठ दिवस अडकला तरी नुकसान तेच होते.

नदीकाठची काळी कसदार जमीन शेतीला सोने असली तरी पायाला वाईट असते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर बसवलेल्या पल्व्हरायझरची, म्हणजे दळणयंत्राची, पातळी हळूहळू बिघडून बेअरिंग खाऊ लागते. मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खोदून पाया घेण्याचा खर्च धरला, जमिनीचा वापर बदलण्याच्या कागदपत्रांचा वेळ धरला आणि वीज ओढून आणण्याचा खर्च धरला, तर ‘स्वस्त’ जमीन अनेकदा वसाहतीतल्या प्लॉटच्या जवळपास पोहोचते. वसाहतीत प्लॉट मालकीने नव्हे तर 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो, ही गोष्ट घरातल्या मंडळींना आधी नीट समजावून द्या. यावरूनच पुढे घरात वाद होतात असा अनुभव आहे. शासनाच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुक्यानुसार सवलती बदलतात, त्याची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करावी, परंतु केवळ सवलतीसाठी गैरसोयीची जागा स्वीकारू नये.

आता मांडणीकडे येतो, कारण खरा पैसा रोज तिथेच वाचतो किंवा जातो. काही वर्षांपूर्वी एका चालू युनिटमध्ये उत्पादन का वाढत नाही हे पाहायला मला बोलावले होते. नकाशा पाहण्याआधी मी सकाळी झाडलोट होण्यापूर्वी जमिनीकडे पाहिले. पिवळ्या पावलांच्या दोन ठळक वाटा उमटल्या होत्या, आणि त्या एकमेकींना दळणयंत्राच्या अगदी तोंडाशी छेदत होत्या : एक कच्च्या मालाची, दुसरी तयार मालाची. पोते घेतलेला हमाल आणि पॅक बॉक्सची ढकलगाडी दिवसभर एकमेकांसाठी थांबत होते. मालाचे कोठार मागच्या बाजूला असल्याने प्रत्येक पोत्यामागे 22 मीटरचा वळसा पडत होता, परतीचा धरून 44 मीटर. 50 किलोची 100 पोती म्हणजे दिवसाला 4,400 मीटर, आणि 300 दिवसांत 1,320 किलोमीटर. हे अंतर माणसाच्या पाठीवरून आणि पायांखालून जात होते, त्यातून हळदीच्या एका कणाचीही किंमत वाढत नव्हती. कोठाराचे दार दुसऱ्या भिंतीत पाडल्यावर तो वळसा संपला.

आपल्या पाच टनांसाठी एकाच रस्त्याला लागून प्लॉट असेल तर इंग्रजी ‘यू’ आकाराचा प्रवाह मला सर्वांत सोयीचा वाटतो. एका बाजूने कच्चा माल आत येईल, मागच्या टोकाला दळण होईल आणि दुसऱ्या बाजूने तयार माल बाहेर पडेल. दोन्ही दारे रस्त्याच्या बाजूलाच राहिल्याने देखरेख एका ठिकाणाहून होते. क्रम असा येतो की वजनकाट्यानंतर हळकुंड, गड्डा (मूळ कंद) आणि कणी (तुटलेले बारीक तुकडे) वेगळे करून साठवण, मग पॉलिश ड्रम, खडे व माती काढणे, लोखंड पकडणारे चुंबक, दळण, चाळण, मिश्रण आणि पॅकिंग. चुंबक दळणाच्या आधी असलेच पाहिजे, कारण पोत्यातला एखादा खिळा यंत्रात गेला तर जाळी फाटतेच, शिवाय ठिणगी पडते, आणि हवेत तरंगणारी हळदीची धूळ ठिणगीने पेट घेऊ शकते. म्हणून दळणाची खोली बंदिस्त ठेवा, हवेतली धूळ पकडणारे सायक्लोन आणि बॅग फिल्टर बसवा, यंत्रांना अर्थिंग द्या आणि विजेचे पॅनेल त्या खोलीच्या बाहेर, उंचावर घ्या. उंचीची सोय असेल तर बकेट एलिव्हेटरने (पट्ट्यावरच्या डब्यांतून माल वर चढवणाऱ्या यंत्राने) माल एकदाच वर न्यावा आणि चाळण, मिश्रण, पॅकिंग असा स्वतःच्या वजनाने खाली येऊ द्यावा.

यंत्रांच्या क्षमता एकमेकींशी जुळल्या नाहीत तर सुंदर नकाशाही कोलमडतो. दळण तासाला 625 किलो आणि पॅकिंग 400 किलो असेल, तर आठ तासांत 1,800 किलो पावडर, म्हणजे 36 पोती, मधल्या जागेत साठणार. ती जागा नकाशात नसेल तर पोती वाटेतच रचली जातात. पावडर हवेतला दमटपणा ओढते आणि प्रकाशात तिचा रंग उतरतो, त्यामुळे पॅकिंगच्या खोलीला पश्चिमेचे ऊन लागता कामा नये.

दुरुस्तीसाठीची मोकळी जागा बहुतेक जण विसरतात. पल्व्हरायझरचा शाफ्ट बाजूने बाहेर ओढावा लागतो. भिंत दोन फुटांवर असेल तर शाफ्ट काढण्यासाठी यंत्रच पायावरून सोडवावे लागते. यंत्र मागवण्यापूर्वी विक्रेत्याकडून हे माप लिहून घ्या. नकाशा पक्का होण्याआधी प्लॉटवर प्रत्येक यंत्राचा पूर्ण आकार फक्कीने आखा, दोन हमालांना भरलेली पोती देऊन त्या आखणीतून चालायला लावा आणि कुठे वळताना अडते ते पाहा. त्या दिवशी एक ट्रकही मागे घेऊन पाहावा. ज्या बाजूला पुढे वाढायचे आहे ती भिंत पॅनेल, स्वच्छतागृह किंवा जिना यांपासून मोकळी ठेवली तर पुढे दुसरी दळण लाइन टाकताना तेवढी एकच भिंत पाडावी लागेल आणि चालू काम बंद पडणार नाही.