कोळशाच्या खाणींचे ड्रमहेलर हे गाव डायनासोरसाठी कसे काय प्रसिद्ध झाले?

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील ड्रमहेलरमध्ये कोळसा आणि डायनासोर एकत्र सापडणे हा योगायोग नाही. सुमारे सात कोटी वर्षांपूर्वी येथे समुद्रालगतचा दलदलीचा प्रदेश होता. तेथील वनस्पती गाडल्या जाऊन कोळसा बनला आणि गाळात पुरलेल्या प्राण्यांच्या हाडांचे जीवाश्म झाले. पुढे हिमयुगानंतर रेड डिअर नदीने व तिला मिळणाऱ्या पाण्याने हे थर कापत खोल दरी कोरली, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच उतारावर उघड्या पडल्या. म्हणूनच १८८४ मध्ये कोळशाचे साठे शोधत आलेल्या जोसेफ टिरेल या भूवैज्ञानिकाला एका मांसाहारी डायनासोरची कवटी सापडली, आणि १९०५ मध्ये त्या प्राण्याला अल्बर्टोसॉरस हे नाव मिळाले.

खाणकाम १९११ च्या सुमारास सुरू झाले आणि दरीत शंभराहून अधिक खाणी निघाल्या. १९४७ मध्ये अल्बर्टातीलच लेडुक येथे खनिज तेल सापडल्यावर, घरे आणि रेल्वे तेल-वायूकडे वळल्याने, कोळशाची मागणी ओसरली. गावाची आजची ओळख प्रामुख्याने १९८५ मध्ये उघडलेल्या, डायनासोर व इतर जीवाश्मांच्या रॉयल टिरेल संग्रहालयामुळे आहे. गावातील टी-रेक्स या डायनासोरचा अवाढव्य पुतळा मात्र विज्ञानापेक्षा पर्यटकांसाठीच आहे. त्याच्या जबड्यापर्यंत जिन्याने चढता येते.