राजापूरला बाराही महिने गरम पाणी वाहतं, मग त्यावर वीज का तयार करत नाहीत?

तुम्ही विचारलंय की जमिनीखालच्या उष्णतेपासून वीज कशी तयार होते, तिचा फायदा काय, आणि राजापूरला गरम पाण्याचा झरा असताना कोल्हापूर-कोकणात असा प्रकल्प का होत नाही. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात को-जनच्या, म्हणजे कारखान्याच्याच वीजनिर्मितीच्या टर्बाईनवर काम करतो. वाफेशी रोजचा संबंध, त्यामुळे त्याच बाजूनं सांगतो.

आमच्याकडं बगॅस, म्हणजे रस काढून उरलेलं उसाचं चिपाड जळतं, बॉयलरमध्ये पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाईन फिरवते, टर्बाईनला जोडलेला अल्टरनेटर वीज देतो आणि काम झालेली वाफ कंडेन्सरमध्ये परत पाणी होते. जमिनीखालच्या उष्णतेवर चालणाऱ्या, म्हणजे भूऔष्णिक केंद्रातही टर्बाईनपासून पुढं जवळजवळ हेच चालतं. बॉयलरचं काम तिथं जमिनीखालचा तापलेला खडक करतो. त्यामुळे भट्टी नाही, राख नाही, इंधनाची आवक नाही.

खडक तापतो कशानं? पृथ्वी तयार झाली तेव्हाची उष्णता अजून पोटात आहे, आणि खडकांतल्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियमचा किरणोत्सर्गी क्षय चालू असल्यानं तिच्यात भर पडत राहते. जगात सरासरी एक किलोमीटर खाली गेलं की तापमान २५ ते ३० अंशांनी वाढतं. म्हणजे उष्णता सगळीकडं आहे, कोल्हापूरच्या खालीही आहे. पण नुसत्या उष्णतेवर वीज होत नाही. ती उष्णता वर आणायला पाणी लागतं, आणि ते पाणी खेळायला खडकात भेगा लागतात. उष्णता, पाणी आणि भेगा हे तिन्ही परवडेल इतक्या खोलीवर एकत्र सापडणं दुर्मीळ. म्हणून हे प्रकल्प मुख्यतः आइसलँड, इंडोनेशिया, फिलिपिन्स, न्यूझीलंड, केनिया अशा ज्वालामुखींच्या किंवा भूकवच ताणलं गेलेल्या पट्ट्यात दिसतात.

सुरुवात इटलीतल्या लार्देरेल्लोची. तिथं जमिनीतून थेट कोरडी, म्हणजे पाणी न मिसळलेली वाफच येते. १९०४ मध्ये त्या वाफेवर पाच दिवे लावून दाखवले आणि १९१३ मध्ये २५० किलोवॅटचं केंद्र चालू झालं. अशी कोरडी वाफ मिळणाऱ्या जागा जगात थोड्याच. बहुतेक ठिकाणी बोअरमधून खूप गरम पाणी येतं. खाली दाबाखाली असल्यामुळे ते १८०-२०० अंशांच्या पुढं जाऊनही पाणीच राहिलेलं असतं. वर आल्यावर दाब कमी केला की त्यातल्या काही भागाची झटकन वाफ होते. ती वेगळी काढून टर्बाईनला देतात आणि उरलेलं पाणी दुसऱ्या बोअरनं परत खाली सोडतात. न्यूझीलंडमधलं वायराकेई केंद्र १९५८ मध्ये अशाच वाफेवर सुरू झालं.

आमच्यासारख्यांना यात एक गोष्ट लगेच खटकेल. को-जनला आमच्याकडं ५०० अंशांच्या आसपासची, मोठ्या दाबाची वाफ मिळते. भूऔष्णिक केंद्रात टर्बाईनच्या तोंडाशी वाफ बहुतेक वेळा १५० ते १८० अंशांची आणि कमी दाबाची असते. त्यामुळे एका मेगावॅटला तासाला सात-आठ टन वाफ लागते आणि यंत्रं अंगानं मोठी होतात. दुसरा त्रास सिलिकाचा, म्हणजे वाळूत असतं त्याच खनिजाचा. ऑफ सीझनला टर्बाईन उघडलं की कधी पात्यांवर पांढरट, काचेसारखा कडक थर बसलेला दिसतो. साध्या ॲसिडला तो दाद देत नाही, घासून काढावा लागतो. हा आमचा अनुभव प्रक्रिया केलेलं पाणी वापरूनचा. जमिनीखालचं पाणी तर शेकडो वर्षं खडकात मुरलेलं, सिलिकानं भरलेलं असतं. ते थंड होत गेलं की पाइप, व्हॉल्व्ह आणि बोअरच्या भिंतींवर थर धरायला लागतं. भूऔष्णिक केंद्रातल्या माणसांची बरीच मेहनत हा थर रोखण्यात जाते.

पाणी याहून कमी गरम असेल तर तिसरी पद्धत वापरतात. गरम पाणी टर्बाईनपर्यंत जातच नाही. हीट एक्सचेंजरमध्ये ते आपली उष्णता आयसोपेंटेनसारख्या द्रवाला देतं. हा द्रव साध्या हवेच्या दाबाला २८ अंशांच्या आसपासच उकळतो, त्यामुळे शंभर-सव्वाशे अंशांच्या पाण्यावरही त्याची वाफ होऊन टर्बाईन फिरतं. राजापूरबद्दल बोलायचं तर हीच पद्धत बघावी लागेल.

आधी एक खुलासा, कारण लोक दोन गोष्टी एकत्र करतात. राजापूरची गंगा वेगळी. ती अवतरते आणि काही काळानं जाते. गरम पाण्याचा झरा जवळच्या उन्हाळे गावात आहे आणि तो बाराही महिने वाहतो. पण त्याचं पाणी अंगावर घेता येईल इतपतच, ४०-४२ अंशांच्या आसपास. ठाणे जिल्ह्यातल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून सव, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी ते राजापूर अशी झऱ्यांची रांगच सह्याद्रीच्या पायथ्यानं गेली आहे. त्यात उन्हवऱ्याचं पाणी सर्वात कडक, ७० अंशांच्या आसपास. हे पाणी ज्वालामुखीनं तापलेलं नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथं तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं.

७० अंशांवर वीज होते का? होते. अलास्कात चेना नावाच्या ठिकाणी २००६ पासून ७४ अंशांच्या झऱ्यावर ४०० किलोवॅटचा संच चालवला. मग उन्हवऱ्याला का नाही? उत्तर कंडेन्सरमध्ये आहे. टर्बाईनला गरम बाजू जितकी महत्त्वाची तितकीच थंड बाजूही. चेनाला थंड करायला ४-५ अंशांचं पाणी मिळतं. कोकणात नदीचं पाणी ३० अंशांच्या आसपास. ७४ आणि ४ या फरकातून सिद्धांतानं जास्तीत जास्त २० टक्के उष्णतेची वीज होऊ शकते, तर ७० आणि ३० मधून साडेअकरा टक्के. प्रत्यक्षात दोन्हीकडं याच्या निम्म्याहूनही कमी हाती येतं, आणि त्यातली काही वीज पंपच खातात. झऱ्याचं पाणीही मुबलक नाही. म्हणजे झऱ्यावर थेट संच बसवून फार काही होणार नाही. पाण्यात विरघळलेल्या सिलिकावरून खालच्या साठ्याचं तापमान काढता येतं, आणि कोकणासाठी ते शंभरच्या आसपास असावं असे अंदाज आहेत. तिथपर्यंत बोअर मारून बघणं हा खरा पुढचा टप्पा. माझ्या मते तो घ्यायला हवा.

घाटावर, खुद्द कोल्हापुरात चित्र आणखी अवघड आहे. पन्हाळा, जोतिबा हे सगळे डोंगर लाव्हाचेच, पण तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची उष्णता कधीच निघून गेली. कोयना भागात गोठणे इथं भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल बोअर मारली आहे. तिथं साधारण सव्वा किलोमीटर बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा दगड, आणि खाली ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक लागला. आपल्या या भागात तीन किलोमीटरवरही पाणी उकळण्याइतकी उष्णता मिळत नाही. आणखी खोल जाऊन, दाबानं पाणी घालून खडक फोडता येतो, पण इथं मी सावध राहीन. स्वित्झर्लंडमधल्या बासेलला २००६ मध्ये अशा कामानं जमीन हादरली आणि प्रकल्प बंद करावा लागला. दक्षिण कोरियातल्या पोहांगला २०१७ मध्ये ५.४ तीव्रतेचा भूकंप झाला, त्याचा संबंधही अशाच प्रकल्पाशी जोडला गेला. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्याकडच्या जुन्या माणसांना अजून आठवतो. अशा जागेजवळ खडक फोडण्याचा प्रयोग नको.

एवढ्या अडचणी असूनही जग या विजेच्या मागं का आहे, तर ती चोवीस तास मिळते. हे मला आतून पटतं, कारण आमचं को-जन गाळप हंगामावर अवलंबून. बगॅस संपलं की बॉयलर थंड. सोलरचं सांगायचं तर आपल्याकडचं पॅनेल क्षमतेच्या वीस टक्क्यांच्या आसपास वीज देतं आणि जुलैत गगनबावड्याकडं पाऊस लागला की तेही घसरतं. चांगलं भूऔष्णिक केंद्र ८०-९० टक्के देतं, रात्र असो की पावसाळा. इंधन विकत घ्यायचं नाही, जागा कमी लागते. केनियाची निम्म्याच्या जवळपास वीज अशी येते. आइसलँडमध्ये दहापैकी नऊ घरं याच पाण्यानं ऊबदार राहतात.

धूर नसला तरी वाफेबरोबर थोडा कार्बन डायऑक्साइड आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड येतो. त्यावर आइसलँडच्या हेलिशेइदी केंद्रात केलेलं काम मला फार मोलाचं वाटतं. तिथले लोक हे वायू पाण्यात विरघळवून खालच्या बेसॉल्टमध्ये सोडतात. पहिल्या प्रयोगात ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड दोन वर्षांच्या आत खनिज होऊन दगडात बसला. बेसॉल्ट म्हणजे आपल्या वाड्यांचा, किल्ल्यांचा काळा दगड. वीज झाली नाही तरी आपल्या खडकाचा हा उपयोग अभ्यासण्यासारखा आहे.

साठा मात्र अक्षय समजू नये. कॅलिफोर्नियातलं द गायझर्स हे जगातलं सर्वात मोठं क्षेत्र, पण तिथं वाफ इतकी उपसली की १९८० च्या दशकाच्या शेवटी दाब पडायला लागला. नंतर सांता रोझा शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी पाइपनं आणून खाली सोडायला लागले, तेव्हा उत्पादन सावरलं. पंचगंगेच्या काठी राहणाऱ्या माणसाला सांडपाण्याचा हा उपयोग वाचून हेवा वाटतो.

भारतात सर्वात आशेची जागा लडाखमधलं पुगा खोरं, १४ हजार फुटांवर. ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीनं २०२१ मध्ये तिथं एक मेगावॅटच्या पथदर्शी प्रकल्पासाठी करार केला. तेलंगणात मणुगुरुला सिंगरेणी कोळसा कंपनीनं २० किलोवॅटचा छोटा संच बसवला आहे. २०२५ मध्ये केंद्र सरकारनं भूऔष्णिक ऊर्जेचं राष्ट्रीय धोरणही आणलं. खर्चाची अडचण सगळीकडं सारखीच: निम्म्याच्या आसपास पैसा बोअर मारण्यातच जातो आणि खाली काय आहे ते बोअर मारल्याशिवाय कळत नाही. कोरडी गेली तर सगळं पाण्यात. म्हणून पहिल्या बोअरचा धोका सरकारनं उचलावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोकणासाठी मी आधी वीज सोडून नुसत्या उष्णतेचा विचार करेन. ७० अंशांच्या पाण्याची वीज करायला गेलं तर नव्वद टक्क्यांहून जास्त उष्णता वाया जाते. तीच उष्णता हीट एक्सचेंजरमधून हवेला दिली तर ५०-६० अंशांची कोरडी हवा मिळते, म्हणजे कोकम, फणसाचे गरे, आंबापोळी, मासळी ऐन पावसाळ्यातही वाळवता येईल. त्याला टर्बाईन लागत नाही, खोल बोअरही लागत नाही. झऱ्याचा विसर्ग आणि तापमान वर्षभर मोजून ठेवलं, कुंडाच्या धार्मिक वापराला धक्का न लावता खाली वाहून जाणारं पाणी घेतलं, तर एखाद्या बचत गटाला किंवा सहकारी संस्थेला पेलेल असं काम आहे. गंधकामुळे तांब्याच्या नळ्या लवकर खराब होतात, तेव्हा एक्सचेंजर स्टेनलेस स्टीलचाच घ्यावा, आणि त्याआधी पाण्याची तपासणी करून क्लोराइड बघून घ्यावं, कारण ते जास्त असेल तर साधं ३०४ ग्रेडचं स्टीलही टिकत नाही.