सरकार जोखीम घेतं, पण तुमच्या घराची नाही

एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा मेकॅट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन मित्रांबरोबर त्याने सामान वाहून नेणारा ड्रोन बनवला आणि कॉलेजच्या मैदानावर तो ४ किलो वजन घेऊन ११ मिनिटं उडाला. संरक्षण मंत्रालयाच्या आयडेक्स योजनेत नमुना तयार करायला दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, हे वडिलांच्या वाचनात आलं. मुलाने कॅम्पसमधून मिळालेली नोकरी सोडायची, त्याच्या आणि आईच्या नावावर कंपनी काढायची आणि अनुदान घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं आहे. त्यांचा प्रश्न एवढाच आहे: "अर्ज कसा भरावा, आणि कोणत्या योजनेत जास्त पैसे मिळतील?"

नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात 'आम्ही' हा शब्द सतरा वेळा आला आहे. आम्ही ड्रोन उडवला, आम्ही कंपनी काढतोय, आम्ही सैन्याला माल देणार. मुलाचं म्हणणं मात्र साडेतीन पानांत एकाच ठिकाणी सापडलं: "तो थोडा घाबरतोय, पण समजावल्यावर तयार होईल." त्याचे मार्क, तिसऱ्या सत्रातला राहिलेला विषय, कॅम्पसमधल्या नोकरीचा पगार, यावर तुम्ही भरपूर लिहिलं आहे. ते सगळं मी बाजूला ठेवते. मला त्या एका वाक्याची काळजी वाटते.

तो ड्रोनला घाबरत नसणार. तुमच्याच पत्रात आहे की ड्रोन चार वेळा पडला आणि चारही वेळा तो दुसऱ्या दिवशी पुन्हा दुरुस्तीला बसला. मग भीती कशाची? तुम्ही लिहिलं आहे की दोन वर्षांनी निवृत्त झाल्यावर मिळणारे २२ लाख कंपनीत घालणार आहात, कमी पडले तर घरावर कर्ज काढणार आहात, आणि नातेवाइकांना "पोरगा सैन्यासाठी ड्रोन बनवतोय" असं सांगूनही झालं आहे. हे सगळं त्याच्यासमोर जेवणाच्या ताटावर बोललं जात असेल, तर एकवीस वर्षांच्या मुलाने घाबरायचं नाही तर काय करायचं? उद्या एखादी चाचणी फसली तर ती त्याच्यासाठी चाचणी उरणार नाही. बापाचं म्हातारपण आणि आईचं घर आपण बुडवलं, असा तिचा अर्थ होईल. एवढं ओझं डोक्यावर घेऊन कुणी धाडसी संशोधन करत नाही. तो सुरक्षित, जुनं, आधीच सिद्ध झालेलं तेवढंच करत राहील आणि वाईट निकाल झाकायला शिकेल.

तुम्ही आयटीआय करून वायरमन झालात, इंजिनीअर व्हायचं राहून गेलं, हेही तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत. ती खंत खरी आहे आणि तिचा मला आदर आहे. पण ती तुमची आहे. मुलाच्या कंपनीच्या कागदांवर ती चढवू नका.

आता पैशांबद्दलचा गैरसमज. तो मोठा आहे आणि तुमच्या एकट्याचा नाही, म्हणून सविस्तर लिहिते. आयडेक्स २०१८ मध्ये सुरू झाली. स्टार्टअप, लघु उद्योग आणि वैयक्तिक संशोधकही अर्ज करू शकतात, इथपर्यंत तुमचं वाचन बरोबर आहे. दीड कोटी ही मात्र कमाल मर्यादा आहे, बक्षिसाची रक्कम नव्हे. अनुदानाच्या बरोबरीचा वाटा अर्जदाराने स्वतः उभा करायचा असतो. म्हणजे दीड कोटी हवे असतील तर प्रकल्प साधारण तीन कोटींचा हवा आणि उरलेले दीड कोटी तुमच्या बाजूने यायला हवेत. तुमच्याकडे २२ लाख आहेत. शिवाय रक्कम एकदम खात्यात पडत नाही. कामाचे टप्पे करारात लिहिलेले असतात आणि टप्पा पूर्ण झाल्याचं तपासल्यावर पुढचा हप्ता सुटतो. दोन हप्त्यांच्या मधल्या काळातले पगार, मोटारी, बॅटऱ्या, चाचणीचं शुल्क कंपनीच्या खिशातून जातं. माझ्याकडे मार्गदर्शनासाठी आलेला एक मुलगा अशाच एका छोट्या कंपनीत होता. त्यांचं यंत्र तयार होतं, पण चाचणीची तारीख मिळेना. तारीख मिळाली तेव्हा पावसाळा लागला होता. पाच महिने त्या तिघांनी पगार घेतला नाही. ती कंपनी टिकली, कारण तिघांपैकी दोघांच्या घरी दुसरा पगार येत होता आणि कुणाचंही घर गहाण नव्हतं.

'जास्त पैसे कुठे' याचं उत्तरही तुम्हाला आवडणार नाही. आयडेक्स प्राइममध्ये मर्यादा १० कोटींची आहे, २०२४ मध्ये आलेल्या अदिती योजनेत २५ कोटींची, आणि तिथेही विकासखर्चाच्या निम्म्यापर्यंतच मदत मिळते. डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेचा तंत्रज्ञान विकास निधी खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत आणि प्रकल्पाला ५० कोटींपर्यंत देतो, पण तिथे उत्पादनाचा अनुभव असलेल्या कंपन्यांशी स्पर्धा असते. संरक्षण खरेदी प्रक्रिया २०२० मधल्या 'मेक-१' गटात सरकार नमुन्याच्या खर्चाचा ७० टक्क्यांपर्यंत भार उचलतं, तर 'मेक-२' मध्ये नमुन्यासाठी सरकारी पैसाच नसतो, सगळा खर्च उद्योगाने करायचा. तुम्ही कात्रण पाठवलेला २०२५ चा एक लाख कोटींचा संशोधन, विकास आणि नवोन्मेष निधी फक्त संरक्षणासाठी नाही. त्याचा मुख्य भर दीर्घ मुदतीच्या, कमी किंवा शून्य व्याजाच्या अर्थसाहाय्यावर आहे, तोही मधल्या निधी-व्यवस्थापकांमार्फत आणि बऱ्यापैकी पुढे गेलेल्या तंत्रज्ञानाला. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हातात यातलं काही येत नाही.

मग सरकार असा पैसा घालतं तरी कशाला? कारण ज्या गोष्टी चालतीलच याची खात्री नसते, त्यात बाजार पैसा घालत नाही. अमेरिकेत सोव्हिएत रशियाच्या स्पुटनिक उपग्रहानंतर १९५८ मध्ये डार्पा ही संरक्षण संशोधनाला पैसा देणारी संस्था त्यासाठीच उभी राहिली. २००४ मध्ये तिने वाळवंटात चालकाविना धावणाऱ्या गाड्यांची शर्यत ठेवली. बक्षीस होतं दहा लाख डॉलर. रस्ता २०० किलोमीटरहून जास्त होता आणि सगळ्यात पुढे गेलेली गाडी बारा किलोमीटरच्या आसपास अडकली. एकही गाडी पोचली नाही, बक्षीस कुणालाच दिलं नाही. पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी पूर्ण अंतर कापलं. पहिल्या वर्षीचं अपयश वाया गेलं नाही, कारण गाडी कुठे आणि का थांबली ते प्रत्येक संघाला कळलं होतं. अशा निधीतून सरकार अशीच जोखीम उचलतं: यंत्र चालेल की नाही याची. तुमच्या घराचा हप्ता भरला जाईल की नाही, ही जोखीम कोणतीही योजना उचलत नाही. तुम्ही या दोन जोखमी एकच समजून बसला आहात.

आणि यंत्र चाललं तरी किती वर्षं लागतात ते आपल्याच पुण्यात बघा. एटॅग्स ही १५५ मिलिमीटरची ओढून न्यायची तोफ. डीआरडीओने तिचं काम २०१३ मध्ये हाती घेतलं, पुण्याची एआरडीई त्यातली मुख्य प्रयोगशाळा, आणि भारत फोर्ज व टाटा यांच्यासारख्या कंपन्या सोबत. २०२० मध्ये पोखरणच्या चाचणीत एका तोफेची नळी फुटली. तपास झाला, सुधारणा झाल्या, पुन्हा चाचण्या झाल्या. ३०७ तोफांचा करार मार्च २०२५ मध्ये झाला. पहिल्या दिवसापासून मोजली तर बारा वर्षं. एवढ्या मोठ्या कंपन्यांना थांबणं परवडतं, कारण त्यांचा बाकीचा धंदा चालू असतो. ड्रोन तोफेपेक्षा लवकर तयार होतो हे मान्य, आणि आयडेक्समधल्या काही कंपन्यांना पुढे खरेदीचे करार मिळालेही आहेत. पण नमुना मंजूर होणं आणि मालाची ऑर्डर हातात पडणं यांच्यामध्ये कंपनीला जगावं लागतं. २२ लाखांवर ती किती महिने जगेल, याचा हिशेब पत्रात कुठेच नाही.

ड्रोनबद्दलही स्पष्ट बोलते. मैदानावरची ११ मिनिटं कौतुकाची आहेत. पण सैन्याला तो जिथे हवा आहे तिथे, ५,००० मीटर उंचीवर, हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के असते. पंख्यांना धरायला हवाच कमी, आणि थंडीत बॅटरी ढेपाळते. लष्करी इलेक्ट्रॉनिक्ससाठी जेएसएस ५५५५५ नावाचं मानक आहे. त्यात उष्णता, थंडी, धूळ, हादरे, पाऊस, खारी हवा, अगदी बुरशीचीसुद्धा चाचणी असते. तुमचा मुलगा हे शिकू शकतो, याबद्दल मला शंका नाही. पण हे शिकायला पगार घ्यावा, घर गहाण ठेवू नये.

ज्या सल्लागाराने प्रस्ताव लिहून देण्याचे तीन लाख आणि मंजूर रकमेचे आठ टक्के मागितले आहेत, 'मंजुरीची हमी' दिली आहे, आणि ज्याला तुम्ही ५० हजार आगाऊ देऊन बसला आहात, त्याच्याकडून ते परत मागा. लेखी मागा. आयडेक्समध्ये सैन्यदलं आपली गरज आव्हान म्हणून जाहीर करतात, अर्ज थेट ऑनलाइन करता येतो आणि निवड समिती करते. अशा निवडीची हमी कुणीही देऊ शकत नाही. आणि ज्याचा प्रस्ताव दुसऱ्याने लिहिला आहे, त्याला समितीसमोरच्या तिसऱ्या प्रश्नाला घाम फुटतो.

गेटची परीक्षा देऊन डीआरडीओत 'सायंटिस्ट बी' या पदावर लागणं, किंवा पुण्यात गिरीनगरच्या डीआयएटी या संरक्षण तंत्रज्ञान संस्थेत एमटेक करणं, हे रस्ते त्याला माहीत असतीलच. हवे असतील तर तो परीक्षा देईल. मी त्यावर वेळ घालवत नाही, कारण मला त्याच्यासाठी दुसरंच काही दिसलं आहे.

तुम्ही पत्रासोबत त्याच्या वहीच्या चार पानांचे फोटो पाठवलेत, ड्रोनची आकृती किती सुबक काढली आहे ते दाखवायला. आकृती चांगली आहे. पण मी थांबले ते समासाजवळच्या बारीक अक्षरांवर. "मोटार २. सहाव्या मिनिटाला वास आला. बंद केली. कारण माहीत नाही." दोन दिवसांनी पुन्हा: "वायर बदलली. तेच. कारण माहीत नाही." मग एक आडवी रेघ आणि तिच्याखाली: "सापडलं. स्पीड कंट्रोलरच्या कपॅसिटरचा सांधा कच्चा होता. मीच केला होता." हे शेवटचे तीन शब्द मी खूप वेळ बघत होते. वहीत दुसरं कुणी बघणार नव्हतं, मित्रावर ढकलता आलं असतं. संरक्षणाच्या कामात आकृती काढणारे पुष्कळ मिळतात. काय बिघडलं, कधी बिघडलं आणि कुणामुळे, हे असं लिहून ठेवणारा माणूस चाचणी विभागाला शोधूनही सापडत नाही.

म्हणून माझं मत असं: कंपनीची नोंदणी झाली नसेल तर थांबवा. कॅम्पसच्या नोकरीपेक्षाही, ज्या छोट्या कंपनीला आयडेक्सचा किंवा तंत्रज्ञान विकास निधीचा प्रकल्प आधीच मिळाला आहे आणि जी सध्या चाचण्यांच्या टप्प्यावर आहे, तिथे त्याने चाचणी अभियंता म्हणून शिरायचा प्रयत्न करावा. पुण्यात, बंगळुरूत, हैदराबादेत अशा कंपन्या आहेत. पगार कॅम्पसच्या नोकरीपेक्षा कमी असू शकतो, तो तुम्ही मनावर घेऊ नका. तिथे दोन-तीन वर्षांत एखादा प्रकल्प अडकताना, हप्ता लांबताना, यंत्र पंचावन्न अंशांत बंद पडताना तो जवळून बघेल. तशी जागा मिळेपर्यंत कॅम्पसची नोकरी हातची सोडू नये. मग त्याला कंपनी काढावीशी वाटली तर तो काढेल, आणि तेव्हा 'मी' म्हणून काढेल. निवृत्तीचे पैसे बँकेतच राहू द्या.

आज रात्री त्याच्याशी बोला, पण कंपनीचा विषय तुम्ही काढू नका. तुम्ही आयुष्यभर वायरिंग केलंय. कच्चा सांधा म्हणजे काय हे तुमच्याइतकं घरात कुणाला कळतं? त्याला विचारा, तो सांधा कसा सापडला. आणि तो सांगत असताना मध्ये बोलू नका.

तुझ्यासाठी दोन ओळी, कारण हे उत्तर तूही वाचशील. कॅम्पसची नोकरी घ्यावी की छोट्या कंपनीत जावं हे तू ठरव, आणि वडिलांना स्वतः सांग. पत्र लिहायचं असेल तर यापुढे मला तूच लिही. चौथ्या पानावर मोटार ३ पुढे तू तारीख टाकली आहेस आणि "कारण माहीत नाही" एवढ्यावरच पान संपलं आहे. ते सापडलं का?