गुलमोहराच्या बुंध्यावरची अळंबी

प्रश्न : कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या आवारात सुमारे 30 वर्षांचा गुलमोहर आहे. गेल्या पावसाळ्यात त्याच्या बुंध्याशी तांबूस-तपकिरी, वॉर्निश लावल्यासारखी चकचकीत अळंबी उगवली. माळ्याने ती कापून बोर्डो पेस्ट लावली, तरी ती पुन्हा आली आणि यंदा शेंड्याकडची पालवीही विरळ आहे. कोणते औषध द्यावे?

उत्तर : वर्णनावरून ही गॅनोडर्मा बुरशी असावी. आपणांस दिसते ती अळंबी म्हणजे बुरशीचे फळ; मूळ बुरशी मुळांत आणि बुंध्याच्या तळाशी असते आणि तेथील लाकूड बराच काळ कुजवल्यानंतरच ती अशी बाहेर डोकावते. त्यामुळे अळंबी कापल्याने रोग जात नाही. मोरचूद व कळीचा चुना यांची बोर्डो पेस्ट छाटणीच्या ताज्या जखमेसाठी उत्तम आहे, मोठी फांदी कापल्यावर ती लावायलाच हवी. परंतु ती लाकडाच्या आतवर पोहोचत नाही. या टप्प्यावर झाड बरे करणारे औषध नाही, हे लिहिताना मला वाईट वाटते.

म्हणून झाड किती भक्कम उरले आहे, हे आधी पाहावे. लाकडी हातोडीने बुंधा जमिनीलगत चहूबाजूंनी ठोकून पाहिल्यास कुजलेल्या भागातून पोकळ आवाज येतो. गुलमोहराची मुळे उथळ पसरतात. ती कुजली असतील, तर वर हिरवागार दिसणारा वृक्षही वळवाच्या वाऱ्यात मुळासकट आडवा होऊ शकतो. तोवर त्याखाली वाहने लावू नयेत व मुलांना खेळू देऊ नये. महापालिकेच्या उद्यान विभागाकडे छायाचित्रांसह अर्ज करून पाहणी करून घ्यावी, कारण 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, मग ते खासगी आवारातले का असेना.

झाड काढावेच लागले, तर खोडाचा बुडखा आणि हाती लागतील तेवढी मुळेही खणून काढावीत. बुरशी त्यांत टिकून राहते आणि मुळांच्या स्पर्शातून शेजारच्या झाडांकडे जाते. आवारातल्या इतर झाडांच्या बुंध्याला भिडलेले पेव्हर ब्लॉक असल्यास ते आताच मागे सरकवावेत आणि नळ वा केबलसाठी खोदताना जाड मुळे तोडू देऊ नयेत, कारण अशा जखमांतूनच बुरशीला आत शिरायला वाट मिळते.