मुंबई ते न्यूयॉर्क विमानाचं अंतर किती आणि खरा वेळ किती लागतो?

तुमचा प्रश्न असा: नकाशा 12,500 किलोमीटर दाखवतो, लोक सोळा तास सांगतात आणि तिकिटावर रात्री 2 ला निघून त्याच दिवशी सकाळी 7:30 ला पोहोचणार असं छापलंय. आई-बाबा पहिल्यांदाच जाताहेत, तर खरं काय धरायचं?

सोळा तास धरा. मी ठाण्यात तिकिटांचं काम करतो, हा घोळ रोजचाच आहे. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. रात्री 2 मध्ये 16 तास मिळवले की आपल्याकडे संध्याकाळचे 6 वाजतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे, म्हणून तिथे सकाळचे साडेसात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर पुढे करतात, मग नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत फरक साडेनऊ तासांचा.

12,500 हे सर्वांत जवळच्या वाटेचं अंतर. पृथ्वी गोल असल्यामुळे ही वाट सरळ पश्चिमेला न जाता उत्तरेकडे चढते: सिंध, अफगाणिस्तान, कझाकस्तान, जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून स्वीडन, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि मग कॅनडा. ती जशीच्या तशी मिळणं मात्र कठीण. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये आपली हवाई हद्द भारतीय कंपन्यांना बंद केली आणि रशियाने 2022 मध्येच अमेरिकन कंपन्यांना. म्हणजे थेट विमान भारतीय कंपनीचं घ्या की अमेरिकन, कुठे ना कुठे वळसा आलाच.

येताना चौदा-साडेचौदा तासच दिसले तर दचकू नका. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीमागून ढकलतो. हिवाळ्यात त्याचा जोर जास्त.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे तारीख. तिकिटावर 10 तारीख, रात्री 2:00 असेल तर घरातून 9 तारखेला संध्याकाळीच निघायचं. 10 ला रात्री बॅगा घेऊन विमानतळावर हजर झालेली माणसं मी पाहिली आहेत, आणि ती चांगली शिकलेली होती!

थेटच जावं असंही नाही. दुबईमार्गे अंतर साधारण 12,900 किलोमीटर, म्हणजे जेमतेम चारशे जास्त. वेळ मात्र मधल्या थांब्यामुळे वीस-बावीस तासांवर जातो. बाबांचे गुडघे दुखत असतील तर मी तरी थांब्याचंच तिकीट सुचवेन, तीन-चार तासांचा थांबा बघून. फक्त व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा. दुबईचा विमानतळ अवाढव्य आहे आणि एका गेटवरून दुसऱ्या गेटला जाताना चांगलीच पायपीट होते.